फ्रूमची टाउन कौन्सिल निवडणूक: दहा जागांपासून सतराच्या सतरापर्यंत

७ मे २०१५ रोजी इंग्लंडमधल्या फ्रूम गावचा मतदार मतदान केंद्रात गेला, तेव्हा त्याच्या हातात तीन मतपत्रिका पडल्या. एक खासदारासाठी, दुसरी मेंडिप डिस्ट्रिक्ट कौन्सिलसाठी आणि तिसरी गावाच्या टाउन कौन्सिलसाठी. मोजणी संपली तेव्हा सॉमर्टन अँड फ्रूम मतदारसंघात कॉन्झर्वेटिव्ह पक्षाचे डेव्हिड वॉरबर्टन वीस हजारांहून जास्त मताधिक्याने खासदार झाले होते. मेंडिपमध्ये त्याच पक्षाचे बहुमत होते. टाउन कौन्सिलच्या सतराच्या सतरा जागांवर मात्र 'इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम' या स्थानिक अपक्ष गटाचे उमेदवार निवडून आले. कॉन्झर्वेटिव्ह, लेबर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, कुणालाही तिथे एकही जागा मिळाली नाही.

एकाच दिवशी, एकाच खोलीत, दोरीला बांधलेल्या त्याच पेन्सिलीने केलेल्या फुल्यांचा हा निकाल आहे. लोकसभेला एक आणि गल्लीत दुसरे हा प्रकार आपल्याला नवा नाही. पण राष्ट्रीय पक्ष पूर्ण ताकदीने रस्त्यावर उतरले आहेत, टीव्हीवर दुसरा विषय नाही, अशा दिवशी एका गावाने सगळ्याच पक्षांना आपल्या सभागृहाबाहेर ठेवले. हे कसे घडले आणि घडल्यावर काय झाले, ते मुळापासून पाहण्याजोगे आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगितलेली बरी. तो मतदारसंघ फ्रूमपेक्षा पुष्कळ मोठा होता, आजूबाजूची खेडी आणि दुसरी छोटी शहरे त्यात होती. त्यामुळे कॉन्झर्वेटिव्ह खासदार देणाऱ्यांनीच गावात अपक्ष निवडले, असे सरसकट म्हणता येणार नाही. काहींनी तसे केलेच असणार, पण किती जणांनी ते निकालाच्या आकड्यांवरून ठरत नाही.

कौन्सिल म्हणजे नेमके काय

फ्रूम हे सॉमरसेटच्या पूर्व टोकाला, बाथच्या दक्षिणेला वसलेले जुने लोकरीचे गाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे २६ हजार. लोकरीचा धंदा गेल्यावर छपाई आणि ओतकाम यांवर गाव तगले. लंडनला वेस्टमिन्स्टर पुलापाशी राणी बोडिसियाचा रथासह पुतळा आहे, तो इथल्या सिंगर फाउंड्रीत ओतलेला. चीप स्ट्रीट नावाच्या अरुंद गल्लीच्या मधोमध आजही पाण्याचा पाट वाहतो. गाव देखणे आहे, पण सुबत्तेच्या बाबतीत ते कायम बाथच्या सावलीत राहिले.

२०११ मध्ये इथे स्थानिक कारभाराचे तीन थर होते. वर सॉमरसेट काउंटी कौन्सिल: शाळा, रस्ते, वृद्धांची देखभाल. मध्ये मेंडिप डिस्ट्रिक्ट कौन्सिल: बांधकाम परवाने, कचरा, घरे. तळाला टाउन कौन्सिल. कायद्याच्या लेखी टाउन कौन्सिल आणि खेड्याची पॅरिश कौन्सिल एकाच जातीच्या, फक्त गाव मोठे असले की नाव बदलते. इंग्लंडमध्ये अशा सुमारे दहा हजार कौन्सिला आहेत. त्यांच्या वाट्याला मैदाने, बाकडी, फुलझाडे, दफनभूमी, सार्वजनिक संडास असली कामे येतात. बांधकाम परवानगीच्या अर्जावर त्यांचे मत मागवले जाते, निर्णय मात्र वरच्या कौन्सिलचा असतो.

परिणाम असा की या पदांसाठी कुणी फारसे इच्छुक नसते. हजारो पॅरिश कौन्सिलांत जागा आहेत तितकेही अर्ज येत नाहीत, निवडणूक बिनविरोध होते आणि उरलेल्या जागा कौन्सिल स्वीकृत सदस्य घेऊन भरते. फ्रूमसारख्या मोठ्या गावात लढत व्हायची, पण ती पक्षांची. जिल्ह्याच्या निवडणुकीला पक्षाने जे पत्रक काढले त्यालाच टाउन कौन्सिलचा उमेदवार जोडून द्यायचा. सभागृहात बसल्यावर बाकड्याच्या जागेवरूनही कॉन्झर्वेटिव्ह विरुद्ध लिबरल डेमोक्रॅट.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पॅनेल असतात. कोणते पॅनेल कुणाचे हे गावाला ठाऊक असते हा भाग वेगळा, पण मतपत्रिकेवर पक्ष नसतो. इंग्लंडमध्ये तशी बंदी नाही. तिथे अगदी पाचशे घरांच्या खेड्यातही मतपत्रिकेवर पक्षाचे नाव आणि चिन्ह छापून येऊ शकते. फ्रूममध्ये जे झाले ते कायद्याने घडवलेले नाही, मतदारांनी घडवले आहे. म्हणून त्याचे मोल वेगळे.

२०११: चार महिन्यांची तयारी

गटाची सुरुवात २०११ च्या सुरुवातीला एका पबमधल्या गप्पांतून झाली. मे महिन्यात निवडणूक होती. पहिल्या फळीत दोन नावे ठळक आहेत. एक पीटर मॅकफेडियन, पुढे गावचे मेयर झाले आणि या अनुभवावर त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. दुसरे मेल अशर, हे शेजारच्या साउथ सॉमरसेट डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे एकेकाळचे मुख्य कार्यकारी अधिकारी. अशर यांचा उल्लेख मुद्दाम करतो. फ्रूमची गोष्ट सांगताना 'सामान्य माणसांनी राजकारण्यांना हरवले' असे चित्र रंगवले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. कौन्सिलचा अर्थसंकल्प कसा वाचायचा, कर्ज कुठून मिळते, चीटणिसाचे, म्हणजे कौन्सिलच्या पगारी प्रशासकाचे, अधिकार कुठे संपतात, हे आयुष्यभर केलेला माणूस त्या टेबलावर बसला होता. उत्साहाला कारभाराची जाण मिळाली नसती, तर पहिल्या वर्षीच गाडे अडले असते.

गटाने सार्वजनिक सभा घेतल्या, उभे राहण्याची इच्छा असलेल्यांना बोलावले आणि सगळ्या सतरा जागांवर उमेदवार दिले. सतराही लढवणे हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. तीन-चार अपक्ष निवडून आले असते तर ते सभागृहाच्या कोपऱ्यात बसून तक्रारी करत राहिले असते. सत्ता घ्यायची तर ती घेण्याइतके उमेदवार हवेत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले.

उभे राहणे तसे सोपे असते. पॅरिश किंवा टाउन कौन्सिलच्या अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरतो, अनामत रक्कम नसते. त्या काळी उमेदवाराला ६०० पाउंड आणि त्यावर दर मतदारामागे ५ पेन्स इतकाच खर्च करता येत असे. म्हणजे पैशाच्या जोरावर ही निवडणूक फिरवणे जवळपास अशक्य. मतपत्रिकेवर मात्र एक पेच आहे. नोंदणीकृत पक्ष नसलेल्या उमेदवाराच्या नावापुढे फार तर सहा शब्दांचे वर्णन लिहिता येते, नोंदवलेल्या पक्षाचे नाव आणि चिन्ह येत नाही. मग मतदाराने सतरा वेगवेगळे अपक्ष एकाच विचाराचे आहेत हे ओळखायचे कसे? त्यावर उपाय म्हणून गटाने निवडणूक आयोगाकडे पक्ष म्हणून नोंद केली आणि गटाचे नाव मतपत्रिकेवर आणले. पक्ष नको म्हणणाऱ्यांना कागदावर पक्ष व्हावे लागले. काहींना ही विसंगती वाटली. मला ती व्यवहारी आणि प्रामाणिक वाटते, कारण मतदारापासून काहीच लपवले नव्हते.

५ मे २०११ ला मतदान झाले. त्याच दिवशी देशभर संसदेच्या मतदानपद्धतीवर सार्वमत होते, त्यामुळे एरवी ओस पडणारी केंद्रे जरा भरलेली होती. १७ पैकी १० जागा गटाला मिळाल्या, उरलेल्या सात जागा पक्षांकडे राहिल्या.

जाहीरनामा नव्हता, वागण्याचे नियम होते

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. गटाने धोरणांची यादी दिली नाही. कोणता रस्ता, कोणते मैदान, कर किती, यावर उमेदवारांचे एकमत नव्हते आणि तसा देखावाही केला नाही. त्यांचे एकमत होते ते वागायचे कसे यावर. पाच गोष्टी ठरल्या: स्वतंत्र बुद्धी, सचोटी, सकारात्मकता, कल्पकता आणि आदर.

ही नावे कुठल्याही संस्थेच्या भिंतीवर सापडतील. फरक पडतो तो पहिल्या कलमाने. प्रत्येक नगरसेवकाने प्रत्येक ठरावावर स्वतःचे मत स्वतः बनवायचे, गटाची सामाईक विचारसरणी नाही, पक्षादेश नाही. गटातल्या दोघांनी एकमेकांविरुद्ध मत दिले तर ते बंड ठरत नाही, रोजचा कारभार ठरतो. बाकीची चार कलमे या पहिल्यामुळेच लागतात. दहा माणसे रोज एकमेकांशी उघडपणे असहमत होणार असतील, तर भांडणानंतर पुन्हा एकत्र बसता यावे म्हणून आदर लागतो. उघड चर्चा करायची तर चूक उघड मान्य करण्याची तयारी लागते. पक्षात ही सोय आयती असते: मतभेद आतल्या बैठकीत मिटवायचे आणि बाहेर एका सुरात बोलायचे. फ्रूमच्या गटाने आतली बैठकच काढून टाकली, आणि तिच्या जागी काहीतरी ठेवणे भाग होते.

सभांचे रूप बदलले. गावकऱ्यांना ठरावीक मिनिटे देऊन गप्प बसवण्याऐवजी चर्चेच्या ओघात बोलू द्यायला सुरुवात झाली. विषयाप्रमाणे नगरसेवक आणि गावकरी यांचे मिश्र गट बसू लागले. इंग्लंडमधल्या जुन्या कौन्सिलांत झगा, साखळी, 'मेयर महोदय' अशी संबोधने यांचे प्रस्थ असते. नव्याने आलेल्या माणसाला त्यात आपण परके वाटतो. कारभाराची भाषा साधी केली की सभेला येणारी माणसे बदलतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो माणूस एकदा बोलून गेला आणि ज्याचे म्हणणे टिपून घेतले गेले, तो पुढच्या सभेला येतो.

पैसा कुठून आला

इंग्लंडमध्ये दरवर्षी वसंतात घरोघरी कौन्सिल टॅक्सचे बिल येते. त्यावर एकाखाली एक ओळी असतात: काउंटी, डिस्ट्रिक्ट, पोलिस, अग्निशमन आणि शेवटी टाउन कौन्सिल. शेवटची रक्कम सगळ्यात लहान असते. तिला प्रिसेप्ट म्हणतात. टाउन कौन्सिल आकडा ठरवते, डिस्ट्रिक्ट तो बिलात घालून वसूल करून देते.

२०११ च्या लोकलिझम कायद्याने वरच्या कौन्सिलांवर एक बेडी घातली. ठरावीक टक्क्यांपेक्षा कर वाढवायचा तर सार्वमत घ्या. पॅरिश आणि टाउन कौन्सिलांना सरकारने ती बेडी आजवर लावलेली नाही. त्याच कायद्याने आणखी एक दार उघडले. पात्र टाउन कौन्सिलला, म्हणजे जिचे किमान दोनतृतीयांश सदस्य निवडून आलेले आहेत आणि जिचा चीटणीस प्रशिक्षित आहे तिला, 'सर्वसाधारण सक्षमतेचा अधिकार' मिळाला. पूर्वी कौन्सिलला प्रत्येक कामासाठी कुठल्यातरी कायद्याचे कलम शोधावे लागे. आता एखादी व्यक्ती जे जे कायदेशीररीत्या करू शकते ते कौन्सिललाही करता येऊ लागले. स्वीकृत सदस्यांनी भरलेल्या निवांत कौन्सिलांना ही अट पुरी करता येत नाही. म्हणजे निवडणुकीला पुरेसे उमेदवार उभे राहण्याचा थेट कायदेशीर फायदा असतो, आणि हा मुद्दा फ्रूमबद्दल बोलताना बहुतेक जण विसरतात.

त्याच सुमारास केंद्रातले सरकार खर्चकपातीच्या मागे लागले होते. काउंटी आणि डिस्ट्रिक्ट हात आखडता घेत होत्या, युवक केंद्रे आणि बागा वाऱ्यावर पडत होत्या. फ्रूमच्या नव्या कौन्सिलने उलट वाट धरली. तिने प्रिसेप्ट वाढवला आणि कर्जही काढले. टाउन कौन्सिलला कर्ज काढायला लंडनच्या मंत्र्याची मान्यता लागते आणि मग कमी व्याजाने सरकारी कर्ज मिळते; त्या काळी ते पब्लिक वर्क्स लोन बोर्ड देत असे. कौन्सिलने ते रीतसर केले.

त्या पैशातून काय झाले ते गावात फिरून पाहता येते. व्हिक्टोरिया पार्कसारखी मैदाने मेंडिपकडून गावाकडे आली. क्राइस्टचर्च स्ट्रीटवरचे जुने टाउन हॉल काउंटीच्या ताब्यात होते, ते गावाने विकत घेतले. बाजारतळाजवळची चीज आणि धान्याची जुनी वखार 'चीज अँड ग्रेन' नावाचे सभागृह म्हणून सभासदांची संस्था चालवते. तिच्या दुरुस्तीला कौन्सिलने आर्थिक पाठबळ दिले. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथे फू फायटर्स या अमेरिकी रॉक बँडने अचानक कार्यक्रम केला आणि २०२२ मध्ये ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवातल्या आपल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बीटल्सवाले पॉल मॅकार्टनी त्याच रंगमंचावर उभे राहिले. छोट्या गावाच्या सभागृहाला हे भाग्य क्वचित लाभते.

छोट्या गोष्टी मला जास्त भावतात. २०१५ मध्ये 'शेअर' नावाचे वस्तूंचे वाचनालय उघडले. ड्रिल, शिडी, तंबू, शिवणयंत्र, असे वर्षातून दोनदा लागणारे सामान थोड्या पैशांत भाड्याने न्यायचे आणि परत आणून द्यायचे. पुढच्या वर्षी रस्त्यालगत एक सामायिक फ्रिज आला. दुकानात, घरात उरलेले चांगले अन्न कुणीही ठेवावे, कुणीही न्यावे, नाव-गाव विचारायचे नाही. ब्रिटनमधल्या अगदी पहिल्या काही सामायिक फ्रिजांपैकी तो एक. दोन्हींमागे एडव्हेंचर या स्थानिक प्रशिक्षण संस्थेतले तरुण होते आणि पाठीशी कौन्सिल होती. नवे खाते नाही, नवी भरती नाही. कौन्सिलने थोडी रक्कम, एक जागा आणि आपला विश्वास दिला.

एका गोष्टीचे श्रेय मात्र जपून द्यायला हवे. फ्रूममध्ये २०१३ पासून डॉ. हेलन किंग्स्टन यांच्या दवाखान्याने एकट्या, आजारी माणसांना गावातल्या मंडळांशी जोडून देण्याचे काम सुरू केले. २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार एप्रिल २०१३ ते डिसेंबर २०१७ या काळात फ्रूममध्ये तातडीने इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले, तर सॉमरसेटमध्ये ते २८.५ टक्क्यांनी वाढले. हा आकडा पुष्कळदा अपक्षांच्या कारभाराचे फळ म्हणून सांगितला जातो. काम दवाखान्याचे होते. शिवाय हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, घट नेमकी कशाने झाली हे त्याने सिद्ध होत नाही. जिथे मंडळे, सभागृहे, बागा जिवंत आहेत तिथे डॉक्टरला रुग्णाला पाठवायला जागा असते, इतपत संबंध जोडणे मला रास्त वाटते.

सतराच्या सतरा जागांचे गणित

२०१५ चा निकाल ऐकला की वाटते, अख्खे गाव एकमुखाने बोलले. मतदानाची पद्धत समजून घेतली की तो निष्कर्ष सैल होतो.

मार्केट, कीफर्ड, पार्क अशा वॉर्डांतून एकाहून अधिक नगरसेवक निवडले जातात. जितक्या जागा तितक्या फुल्या मतदाराला मारता येतात आणि सगळ्यात जास्त मते मिळालेले तितके उमेदवार जिंकतात. आपल्याकडच्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागांसाठी वेगळी मते असतात. इथे तसे नाही, सगळ्यांची एकच यादी. समजा तीन जागांच्या वॉर्डात १,००० जण मतदानाला आले. ४२० जणांनी आपल्या तिन्ही फुल्या अपक्ष गटाला दिल्या, ३०० जणांनी एका पक्षाला आणि २८० जणांनी दुसऱ्याला. तिन्ही जागा अपक्ष गटाला जातात. ५८० मतदारांच्या वाट्याला एकही नगरसेवक येत नाही. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण पद्धत नेमकी अशीच चालते. एका गटाची मते एकवटलेली आणि विरोधकांची चार पक्षांत विखुरलेली असली की अर्ध्याहून कमी मतांचेही रूपांतर निर्भेळ सत्तेत होते. पक्षांनी ही पद्धत पिढ्यान् पिढ्या आपल्या फायद्याची मानून बदलली नाही, फ्रूममध्ये ती त्यांच्याविरुद्ध गेली.

२०१९ मध्येही सगळ्या सतरा जागा गटाकडेच राहिल्या. म्हणजे चार वर्षे लोकांनी पाहिले आणि तोच कौल पुन्हा दिला. हा विश्वास खरा आहे, त्याला केवळ गणिताची किमया म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. तरीही मला २०११ चे दहा-सातचे सभागृह जास्त निरोगी वाटते. तिथे सात माणसे अशी होती की ज्यांना गटाच्या कल्पनेशी काही देणेघेणे नव्हते आणि ज्यांना कर का वाढवला हे पटवून द्यावे लागे. सतरा जण एकमेकांशी कितीही असहमत झाले, तरी ते एकाच सभेतून निवडलेले, एकाच पत्रकावर छापलेले असतात. पक्षादेश नसला तरी ओढ असते. विरोधी बाकच नसले तर चुकीच्या खर्चावर बोट ठेवायचे काम गावकऱ्यांवर येते आणि ज्याला नोकरी, मुलेबाळे आहेत त्या गावकऱ्याला दर सभेला येणे जमत नाही.

यातूनच दुसरी टीका निघते. फ्रूममध्ये गेल्या दोन दशकांत ब्रिस्टल, बाथ आणि लंडनहून सुशिक्षित, बऱ्या परिस्थितीतली माणसे राहायला आली, घरांच्या किमती चढल्या, कॅथरिन हिलच्या चढावर नवी दुकाने थाटली. अपक्षांची चळवळ या नव्या फ्रूमची आहे, गावाबाहेरच्या, कौन्सिलच्या भाड्याच्या घरांच्या वसाहतींतल्या जुन्या फ्रूमला तिच्यात जागा किती, असा प्रश्न गावात विचारला जातो. तो टाळण्यासारखा नाही. मिश्र गटांत बसायला, संध्याकाळच्या चर्चेत रमायला वेळ आणि आत्मविश्वास लागतो आणि या दोन्ही गोष्टींचे वाटप समान नसते. कौन्सिलने खर्चातला काही भाग गावकऱ्यांनी मते देऊन ठरवायचा 'पीपल्स बजेट' उपक्रम सुरू केला, तो या दिशेने टाकलेले पाऊल होता. फुली मारायला सभेत बसावे लागत नाही.

जिथे हात पोचत नाही

गावाच्या मधोमध सॅक्सनव्हेल नावाची जुन्या कारखान्यांची ओसाड जागा आहे. तिथे काय बांधायचे हा फ्रूममधला सगळ्यात तापलेला विषय. एका विकासकाचा आराखडा आणि गावकऱ्यांच्या संस्थेचा पर्यायी आराखडा असे दोन प्रस्ताव समोरासमोर आले, त्यावर वर्षानुवर्षे रणे माजली. जागेची विक्री आणि बांधकाम परवानगी या दोन्ही गोष्टी मेंडिपच्या हातात होत्या. ज्या सतरा जणांना गावाने निवडून दिले त्यांच्याकडे त्यात फक्त मत मांडण्याचा अधिकार. फ्रूम नदी आणि तिच्या काठच्या रॉडन मेडो या कुरणाला कायदेशीर हक्क देणारी उपविधी कौन्सिलने तयार केली, तीही केंद्र सरकारकडून मंजूर झाली नाही.

पक्षविरहित कारभार इथे जमला त्यामागे हेही कारण आहे. बाग, फ्रिज, सभागृह या गोष्टींवर डावे-उजवे ठरवावे लागत नाही. शाळांचा पैसा कापायचा की वृद्धांच्या देखभालीचा, असा प्रश्न दरवर्षी पुढ्यात आला असता तर 'प्रत्येकाने स्वतःचे मत स्वतः बनवावे' हे कलम किती टिकले असते, याबद्दल मला शंका आहे. मोठ्या सभागृहांत पक्ष लागतात, कारण मतदाराला पाच वर्षांचा हिशेब कुणाकडे मागायचा ते आधी कळायला हवे. म्हणून फ्रूमचा नमुना उचलून महापालिकेला किंवा विधानसभेला लावू पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. गावपातळीवर तो नेता येतो आणि नेलाही गेला. डेव्हन परगण्यातल्या बकफास्टली या छोट्या गावात २०१५ मध्ये अपक्षांचा असाच गट सत्तेवर आला. इतरही गावांतले लोक फ्रूमला येऊन पाहून गेले.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी यात एक थेट मुद्दा आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला ब्रिटिश पासपोर्ट नसतानाही मतदार यादीत नाव घालता येते आणि कौन्सिलच्या निवडणुकीत मत देता येते. कायमस्वरूपी वास्तव्याची परवानगी असेल आणि वय १८ पूर्ण असेल, तर उभेही राहता येते. टाउन कौन्सिलसाठी मतदार यादीत नाव असणे, किंवा गावात वा तीन मैलांच्या परिसरात वर्षभर राहिलेले असणे पुरते. आपली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे कौन्सिल टॅक्स भरतात आणि मतदार नोंदणीचा अर्ज पेटीतच पडू देतात. गणेशोत्सवासाठी सभागृह मागायला ज्या कौन्सिलकडे जायचे, तिच्या निवडणुकीत दोनशे-तीनशे मतांवर निकाल लागतो. २०२३ पासून इंग्लंडमधल्या मतदान केंद्रावर फोटो असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, तेवढे सोबत ठेवावे.

फ्रूमच्या वरचे दोन थर आता उरलेले नाहीत. १ एप्रिल २०२३ ला मेंडिपसह सॉमरसेटच्या सगळ्या डिस्ट्रिक्ट कौन्सिला बरखास्त झाल्या आणि संपूर्ण परगण्यासाठी एकच सॉमरसेट कौन्सिल आली. या बदलासाठी टाउन कौन्सिलची निवडणूकही एक वर्ष अलीकडे, मे २०२२ मध्ये घेतली गेली. नव्या कौन्सिलने २०२३ च्या नोव्हेंबरमध्येच आर्थिक आणीबाणी जाहीर केली आणि जी कामे आपल्याला परवडत नाहीत ती गावांनी घ्यावीत असा तगादा लावला. संडास, बागा, सीसीटीव्ही, एकेक करून टाउन कौन्सिलांच्या दारात येऊ लागले आणि परगण्यातल्या अनेक गावांचे प्रिसेप्ट एकदम चढले. जे फ्रूमने २०११ नंतर आपणहून, कर वाढवून, मतदारांना सांगून अंगावर घेतले होते, ते आता शेजारच्या गावांवर लादले जात आहे आणि त्यांच्या नगरसेवकांपैकी कित्येक जण बिनविरोध आलेले आहेत.